नको शिकवणाऱ्या बाई

आमच्या बाई लुडोत चोरी करायच्या. दिवसाढवळ्या करायच्या, आणि तीही अशा माणसांशी खेळताना, ज्यांना स्वतःची सोंगटी हातानं उचलता येत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत हळदीचं एक जुनं गोदाम होतं, तिथं बाईंचं केंद्र चालायचं. जमिनीवर चादरीएवढा कापडी पट. भोवती व्हीलचेअरवर विशी-पंचविशीतली माणसं. आणि पटाशेजारी मांडी घालून बसलेल्या सत्तरीच्या बाई. फासा पडायचा तीन, बाईंची सोंगटी जायची पाच घरं.

"बाई, तीन पडलेत."

"तुम्हाला चष्मा लागलाय."

"चष्मा तुम्हाला आहे, बाई."

"म्हणून तर मला नीट दिसतं."

ही चोरी उपचाराचा भाग होती की स्वभावाचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आता त्या केंद्र दुसऱ्यांकडे सोपवून साताऱ्याला बहिणीकडे राहतात. बहीण सांगते, पत्त्यांतही तेच चालू आहे.

मी तिथं पोचले ते पत्रकासाठी मजकूर गोळा करायला. आमची संघटना अपंगांच्या हक्कांचं काम करते आणि पत्रकं लिहिणं माझ्याकडं आहे. विषय होता अठरा वर्षांचा. अठरा पूर्ण झाली की विशेष शाळेचं दार बंद होतं. धडधाकट पोराला अठराव्या वर्षी मत मिळतं, लायसन मिळतं. ज्याला मान सावरता येत नाही, शब्द फुटत नाही, त्याला काय मिळतं? घर. घरात कुठं? मागची खोली. पाव्हणे आले की त्या खोलीचं दार लोटायचं. अशा माणसांना दिवसभर कुठं जाता यावं, चार लोकांत बसता यावं, अंग मोकळं करून घेता यावं, अशा जागा जिल्ह्यात किती, हे विचारायला मी कचेऱ्यांचे जिने झिजवत होते. तेही अक्षरशः जिनेच. अपंगांच्या कामाची खिडकी वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. याला निर्लज्जपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हे सगळं मी तावातावानं बाईंना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आता त्या शिंद्यांचा पाय धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

बाई मूळच्या वाईच्या. सरकारी दवाखान्यात फिजिओ म्हणून सगळी नोकरी झालेली. ओळख करून देताना नावाआधी सांगायच्या, "मी मसाजवाली नाही." नेसायच्या पाचवारी साडी आणि पायात शाळेतल्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. स्कूटर चालवायच्या ती हॉर्नवर, ब्रेकवर नव्हे. गोदामाच्या भिंतींतून हळदीचा वास काही गेलेला नव्हता. संध्याकाळी प्रत्येक जण तो वास अंगावर घेऊनच घरी जायचा. बाई म्हणायच्या, "रोज हळद लागते या सगळ्यांना, लग्न मात्र एकाचंही ठरत नाही."

'दिव्यांग' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "दिव्य कसलं? दिव्याला पायऱ्या चढता येत नाहीत. रॅम्प बांधा म्हणावं." हे वाक्य मी लगेच पत्रकात घातलं. त्यांनी ते वाचून पुढची तीन उद्गारचिन्हं पेनानं खोडली.

पण सगळ्यात मोठी चीड 'बाळ' या शब्दाची. आपल्याकडं माणूस व्हीलचेअरवर बसला की त्याचं वय थांबतं. मिशी फुटलेल्या माणसाला लोक "काय करतंय आमचं बाळ?" विचारतात आणि गालाला हात लावतात. बाईंच्या गोदामात सगळ्यांना 'अहो'. "अहो शिंदे, मान वर. लाजताय काय, मी काय तुम्हाला बघायला आलेय?" शिंदे लाल व्हायचे. पंचविशीतल्या माणसानं असंच व्हायला हवं.

एकदा शहरातल्या एका महिला मंडळाच्या बायका फुगे, चॉकलेटं आणि कागदी टोप्या घेऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड बाळं!" बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "टोपी घालायचीय का, प्रत्येकाला विचारा. फोटो काढायचाय का, तेही विचारा." बायकांना वाटलं हा खेळ आहे. त्या हौसेनं विचारत सुटल्या. एकानं डोळे घट्ट मिटले. एकीनं खुर्चीपुढच्या फळीवर मनगट आपटलं. शिंद्यांनी जीभ टाळूला लावून "च्यक" केलं. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "हे नको म्हणाले. याही नको म्हणाल्या. हे तर लईच नको म्हणाले." बायका फोटोशिवाय परत गेल्या. जाताना एकीनं मला दारात गाठून विचारलं, "या बाई नेहमीच अशा असतात का?" मी म्हटलं, "नाही, आज पाहुणे होते म्हणून जरा सांभाळून होत्या."

आता बाईंचं शास्त्र सांगते. त्यांच्या मते त्यांच्या कामाचे दोनच भाग. एक, अंग आखडू द्यायचं नाही. दोन, माणसाला आखडायला शिकवायचं. पहिल्यासाठी चटया, पट्टे, उभं करायची लाकडी चौकट, सकाळभर चालणारे व्यायाम. दुसऱ्यासाठी कारल्याची भाजी, बाईंचं गाणं आणि लुडोतली चोरी. "हो म्हणायला काय लागतं? तोंडात घास कोंबला की झालं हो. नको म्हणता आलं तर माणूस." म्हणून नवा माणूस आला की त्याचा नको कुठं आहे, ते बाई शोधायच्या. डोळ्यांत आहे, मनगटात आहे की जिभेत. तो सापडेपर्यंत त्या माणसाला न आवडणाऱ्या गोष्टी चिकाटीनं पुरवत राहायच्या. त्यांचं गाणं ऐकून नको म्हणायला तर माझाही हात वर जायचा. नको सापडला की पुढचा नियम एकच. नको आला की विषय संपला. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. "दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दमदाटी."

आठवड्यातून एकदा सगळा लवाजमा रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर जायचा. शिफ्ट सुटलेली असायची, कामगार मोटरसायकली आडव्या लावून उभे असायचे, आणि त्यांच्यात आमच्या खुर्च्या. पहिल्या वेळी चहावाल्यानं बाईंना विचारलं, "ह्यास्नी साखर चालती का?"

"मला काय विचारता? तो चहा मी पिणार आहे का?"

तो बिचकला. मग शिंद्यांपुढं वाकून म्हणाला, "पाव्हणं, साखर घालू?"

"च्यक."

"न्हाई म्हणतायत व्हय? शुगर हाय काय ह्यास्नी?"

शुगर नव्हती. शिंद्यांना गोड चहा आवडत नव्हता, एवढंच. आणि जन्मापासून त्यांना तोच पाजला जात होता. दुसऱ्या दिवशी त्यांची आई तणतणत आली. "माझ्या हातचा च्या नको म्हनाय शिकवलंय तुमी त्याला!" बाई म्हणाल्या, "शिकवलंय. आता तुम्ही बिनसाखरेचा करायला शिका." दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. शिंदे ते मन लावून बघत होते. आपल्यावरून कुणीतरी भांडतंय, आपली कीव न करता, याचं सुख काय असतं ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं.

याच गोदामात बाळू आला. आटपाडीकडचा. वडील वर्षातला बराच काळ मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात असायचे. आई भावाच्या आधारानं कुपवाडला खोली करून मसाल्याच्या पुड्या भरायच्या कामाला लागलेली. बाळूची विशी उलटली होती. हातपाय ऐकत नव्हते, बोलता येत नव्हतं, मान तेवढी वळायची. आणि हसू. कशालाही हसू.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"बाळू," आई म्हणाली.

"ते घरातलं झालं. खरं नाव सांगा."

"खरंच हाय की. आधारवर बी बाळूच हाय."

"आमच्याकडं मोठ्या माणसाला बाळ म्हणत नाहीत."

"आवं बाई, आमच्या देवाचं नाव हाय त्ये. नवसाचं. तुमी कोन बदलणार?"

बाई गप्प झाल्या. मी त्यांना त्याआधी कधी गप्प झालेलं बघितलं नव्हतं, त्यामुळं घड्याळ बंद पडलं असं वाटलं. एक आख्खी सकाळ त्या कुणाला नावानं हाक न मारता वावरल्या. दुपारी चटईवर मात्र स्वच्छ आवाज आला, "हं, बाळूशेठ, कुशीवर वळा."

आई हसली. "शेठ कसला वो? बापाची नुसती मेंढरं हायत."

"मग मेंढरांचे शेठ."

आईला आपल्या लेकाचा एक अभिमान होता. "लय गुणाचा हाय. कदी कशाला न्हाई म्हनत न्हाई." बाईंनी त्याला कुशीवर वळवलं, सदरा वर केला, आणि कमरेखालची जखम दिसली. घरच्या जुन्या खुर्चीची पट्टी घासून चिघळलेली. किती दिवसांची कोण जाणे. बाई ती धूत होत्या आणि बाळू हसत होता. आई भिंतीला टेकून खाली बसली.

"ह्यो गुण नव्हे," बाई हळू म्हणाल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडात आमची भाषा यायची. "ज्याला नको म्हणता येत नाही, त्याला जग काहीही करतं."

मग कितीतरी दिवस बाळूच्या नकोचा शोध चालला. कारलं झालं. गाणं झालं, दोन्ही वेळेला. बाळू हसत होता. बाईंची तब्येत उतरली. शेवटी लुडोच कामी आला. बाळूची शेवटची सोंगटी घरात जायला एक घर राहिलं होतं. ती त्याच्या डोळ्यांदेखत बाईंनी उचलली आणि साळसूदपणे पटाबाहेर ठेवली. बाळूचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं बाईंकडं बघितलं, सोंगटीकडं बघितलं, आणि सावकाश, पूर्ण, मान भिंतीकडं फिरवली. वर नरड्यातून एक असा आवाज काढला की शेजारच्या वर्कशॉपातला माणूस बघायला आला.

"बोलले!" बाई ओरडल्या. "बाळूशेठ रागावले!"

सोंगटी परत ठेवली का? छे. "रागावले म्हणजे जिंकले असं नाही," म्हणाल्या.

त्यानंतर बाळूनं सगळं राहून गेलेलं एकदम वसूल केलं. उपीट नको. दुपारची झोप नको. उभं राहायची चौकट आज नको. आई म्हणायची, "बाई, ह्यो बिघडला." बाई म्हणायच्या, "आता कुठं सुधारला."

आणि एके दिवशी आटपाडीहून जीप घेऊन त्याचे चुलते आले. बाळूचे वडील बाहेर असायचे, त्यामुळं घरातला कारभार या धाकट्या भावाकडं. माणूस वाईट नव्हता, हे लिहायला मला जड जातं, पण नव्हता. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि सरळ विचारलं.

"बाई, चालंल का ह्यो?"

"नाही."

"बोलंल?"

"नाही."

"मंग हितं करतायसा काय?"

"लुडो खेळतो."

मी कपाळाला हात लावला. माझ्याकडं तयार वाक्यं होती. कलमं होती. कुणी विचारलंच नाही.

"लुडो घरी बी हाय की," चुलते म्हणाले. "वैनी, सामान बांधा. भाड्याच्या खोलीत कशापायी राबताय? घरात पोरीची सोयरीक बघायची चाललीया, कामाला माणूस लागतंय."

आईनं बाळूकडं बघितलं. "आन् ह्यो?"

"मागची खोली हाय की मोकळी. पाव्हणं आलं म्हंजे दार लोटायचं, आनि काय."

इतक्या साधेपणानं म्हणाले. मीठ कुठल्या बरणीत आहे हे सांगावं तसं. मी उठायच्या आत बाई म्हणाल्या, "त्यांना विचारलंत?"

"कुणाला?"

"बाळूशेठना."

चुलते हसले. "त्येला काय कळतंय?"

"विचारा."

लोक बघतायत म्हणून असेल, चुलत्यांनी खाकरून विचारलं, "बाळू, गावाकडं येतूस का रं?"

बाळू हसला. मान हलली नाही.

"हसणं हे उत्तर नव्हे," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर लुडोतला जुना भाव होता, सोंगटी उचलण्याआधीचा. "आता मी विचारते. बाळूशेठ, इथं राहायचं?"

बाळूनं मान भिंतीकडं फिरवली. सावकाश, पूर्ण. बाईंनी शिकवली होती तशी.

मी बाईंच्या कानाशी गेले. "बाई, परत विचारा. कळलं नसेल त्यांना."

बाई माझ्यावर अशा फिरल्या की मी दोन पावलं मागं सरले. "मला नको ते उत्तर आलं म्हणून त्यांना कळलं नाही, होय? तुमच्या मोर्चाला मंत्री दुसरं काय म्हणतात?"

मला अजूनही वाटतं, एकदा विचारायला हवं होतं. पण त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?

जीप भरली. मागच्या बाकावर बोचकी होती, त्यांच्या मध्ये जागा करून चुलते बाळूला ठेवू लागले आणि बोलायचं म्हणून बोलले, "मागं बसतूस न्हवं?" तोच नरड्यातला आवाज. मान बाहेर.

"भावजी," आई म्हणाली, "नको म्हनतोय त्यो."

चुलत्यांनी वाट बघितली. मान परत येईना. शेवटी बाळू पुढं ड्रायव्हरशेजारी बसला, त्याला धरून आई, आणि कारभारी मागं बोचक्यांत, गुडघे हनुवटीला लावून.

निरोपाला बाई बाहेर आल्या नाहीत. त्यांना राग आला होता. परिस्थितीचा, व्यवस्थेचा वगैरे नाही, तो माझा प्रांत. त्यांना बाळूशेठचा राग आला होता. "एवढं केलं आणि तोंड फिरवून गेले," म्हणायच्या. पुढचे कित्येक दिवस त्या लुडोत चोरी करेनात. तीन पडले की तीनच घरं. शिंदे काळजीत पडले.

मग आईचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तसाही दुसरा प्रकार येत नव्हता.

"बाई, काय शिकवून ठेवलंय तुमी ह्याला? मागच्या खोलीचं दार लोटलं की गल्ली गोळा करतोय. ऐतवारी पोरीला बघाय पाव्हणं येणार. भावजी डोस्क्याला हात लावून बसल्यात. तुमी या आन् समजावून सांगा ह्याला."

"मला कशाला सांगता? इथं राहायचं नको म्हणाले ना?"

"आवं, त्याचा बा मेंढरं घिऊन घरला आल्याला न्हवं का. बापापाशी जायचं हुतं त्याला."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा?"

फोन बंद झाल्यावर बाई बराच वेळ बूट पुसत बसल्या. ते पांढरेच होते.

रविवारी आम्ही दोघी एसटीनं आटपाडीला निघालो. मला वाटलं होतं, बाई रस्ताभर गप्प असतील. कसल्या. चुलत्यांशी करायचं भांडण त्यांनी विट्यापर्यंत मला दोन्ही बाजूंनी करून दाखवलं. त्यात चुलते तीनदा हरले. मीही एक पत्रक पिशवीत ठेवलं होतं. एवढा प्रवास करून ते वाटण्याची वेळ आली नाही, कारण आम्ही पोचलो तेव्हा पाव्हणे येऊन ओसरीवर बसलेही होते. आणि बाळू ओसरीवरच होता. बापाच्या शेजारी, नव्या सदऱ्यात, दाढी केलेला, मिशी ठेवलेली. दार लोटून बघितलं असणार. मग गल्ली गोळा होण्यापेक्षा हे परवडलं असणार. चुलते अशा चेहऱ्यानं बसले होते की आता कुणी शिंकलं तरी सोयरीक मोडेल. (ती मोडली नाही. आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे तिथंच अडकतात.)

बाईंनी पाव्हण्यांकडं, चुलत्यांकडं, कुणाकडंही बघितलं नाही. सरळ ओसरी चढल्या. "काय बाळूशेठ, बरं आहे ना?"

बाळूनं त्यांना बघितलं. ओळख पटल्याचं तोंडावर स्पष्ट दिसलं. निरोपाला बाहेर न आल्याचंही दिसलं. आणि त्यानं मान भिंतीकडं फिरवली.

बाई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या, बाळूकडं पाठ करून.

पाव्हण्यांत एक वयस्कर गृहस्थ होते, पटकेवाले, बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "काय झालं वो?"

चुलत्यांनी डोळे मिटले. बाळूची आई चहाचं ताट घेऊन बाहेर येत होती, ती जाता जाता म्हणाली, "काय न्हाई. त्या दोघांचं भांडाण झालंय."

म्हाताऱ्यानं एकदा बाईंच्या पाठीकडं बघितलं, एकदा बाळूच्या मानेकडं. मग पटका सारखा केला आणि बूड उचलून बाळूच्या बाजूला सरकला. "आसं नसतंय बाळूशेठ. म्हातारं माणूस लांबनं आलंय. सोडा की राग."

"त्यांना सारखं विचारू नका," बाई पाठीमागं न बघता म्हणाल्या. "नको म्हणालेत ते."

"बाई, तुमी जरा गप बसा," म्हातारा म्हणाला. "मी त्यांच्याशी बोलतोय."